बाजारातला कॅमेरा: गोव्यात स्ट्रीट फोटोग्राफी करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी गेली बारा वर्षं कॅमेरा घेऊन फिरतो. बरोबर कधी एकदोन नवशिके असतात, आणि व्हॉट्सॲपवर प्रश्न तर रोजचेच. तेच तेच प्रश्न पुन्हा यायला लागले म्हणून इथे एकत्र केलेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. उत्तरं माझी आहेत. कायद्याचा भाग सोडला तर बाकी सगळ्यावर भांडायला मोकळीक.

रस्त्यावर काढलेला कुठलाही फोटो म्हणजे स्ट्रीट फोटोग्राफी का? आणि मग डॉक्युमेंटरी म्हणजे काय?

रस्ता असलाच पाहिजे असं नाही. फेरीबोट, तिंटो (गावचा बाजार), चर्चची पायरी, कदंबचा बसस्टँड, सगळं चालतं. अट एकच, समोरचं तुम्ही घडवून आणलेलं नसावं. मैत्रिणीच्या हातात लाल छत्री देऊन तिला पावसात उभं केलंत तर फोटो सुंदर येईलही, पण तो स्ट्रीट नव्हे.

स्ट्रीटवाला एका क्षणासाठी थांबतो, डॉक्युमेंटरीवाला त्याच माणसांकडे परत परत जातो, असा ढोबळ फरक सांगता येईल. गोव्यात मात्र तो फार टिकत नाही. काल ज्याचा फोटो काढलात तो आज पणजीच्या बसमध्ये तुमच्या शेजारी बसतो. वर त्याची भाची तुमच्या बहिणीबरोबर शाळेत शिकवते. मुंबईत फोटो काढून गर्दीत नाहीसं होता येतं, इथे ती सोय नाही. खालची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीतूनच आलेली आहेत.

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. चालेल का?

चालेल. मोबाईलचा मुख्य कॅमेरा साधारण 24 ते 26 मिलिमीटरचा असतो (आकडा लहान तितकं दृश्य रुंद), म्हणजे जवळ गेल्याशिवाय काही मिळत नाही. ही शिस्त फुकटात लागते. अडचण वेगळीच आहे. मोबाईल वर केला की हल्ली लोकांना वाटतं रील काढतोय. गळ्यात कॅमेरा असला की निदान तुम्ही कशाला आलात हे लांबूनच कळतं.

पहिला कॅमेरा कुठला घेऊ?

छोटा, जुना मिररलेस कॅमेरा आणि एकच प्राइम (झूम न होणारी) लेन्स. फुल फ्रेमवर 35, क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवर 23 मिलिमीटर. सेकंडहँड घ्या, पण लेन्स उजेडासमोर धरून आतून तपासल्याशिवाय नको. का ते पावसाळ्याच्या प्रश्नात आहे.

कंपनीपेक्षा महत्त्वाचं हे की कॅमेरा कसा धरावा लागतो त्यावर समोरचा माणूस कसा वागतो ते ठरतं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँनं जन्मभर मुख्यतः लायका कॅमेरा आणि 50 मिलिमीटरवर काम केलं, आणि कॅमेऱ्याचा चकाकणारा भाग काळ्या टेपनं झाकला. त्याला दिसायचंच नव्हतं. अमेरिकेतल्या रस्त्यांवर फोटो काढणाऱ्या व्हिव्हियन मायरकडे दोन लेन्सचा रोलायफ्लेक्स होता. तो पोटाशी धरून वरून खाली बघायचं. समोरच्याला तुमचा डोळा नाही, वाकलेलं डोकं दिसतं.

असला दोन लेन्सचा जुना कॅमेरा मी एकदा महिनाभर उसना आणला होता. डिजिटल बघून तोंड फिरवणारे म्हातारे त्या कॅमेऱ्यासमोर शर्टाचं वरचं बटण लावून ताठ उभे राहायचे. त्यांच्या तरुणपणीच्या स्टुडिओतला कॅमेरा तसाच दिसायचा. उत्स्फूर्त असा एकही फोटो मिळाला नाही. पण त्या महिन्यातले, त्यांनी ताठ उभं राहून काढून घेतलेले फोटो मला आजही माझ्या पुष्कळ ‘स्ट्रीट’ फोटोंपेक्षा बरे वाटतात.

गोव्यात सुरुवात कुठे करू?

म्हापशाला, शुक्रवारी, सकाळी आठच्या आत. एप्रिल-मे महिन्यात गेलात तर पुरुमेंताची खरेदी चालू असते. पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी, सोलां, हरमलची मिरची, आणि ती मिरची हातात मोडून वास घेणाऱ्या बायका. गर्दी एवढी असते की कॅमेऱ्याकडे बघायला कोणाला फुरसत नसते.

एक धोक्याची सूचना. बाजारावर निळ्या ताडपत्र्या असतात. त्यांच्याखाली माणसांचे चेहरे आजारी दिसावेत इतके निळे येतात, आणि व्हाइट बॅलन्स (रंग सुधारायची सेटिंग) कितीही फिरवला तरी पुरतं सुधारत नाही, कारण अर्ध्या चेहऱ्यावर फटीतून ऊन आलेलं असतं. ताडपत्रीची कड शोधा आणि तिथे थांबा. माणसं तिथे येतातच.

फेरीबोटीबद्दलही विचारतात. जुनं गोवं ते दिवाडी किंवा रायबंदर ते चोडण, दोन्हीकडे उजेड सुरेख असतो. पण बोटीवर समोरच्याला उठून जाता येत नाही, हे ध्यानात ठेवा. बाजारात नको असेल तर माणूस वळून चालू लागतो. बोटीवर तो अडकलेला असतो. म्हणून तिथे मी विचारल्याशिवाय काढत नाही.

आधी विचारायचं की आधी काढायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. विचारलं तर क्षण जातो, न विचारलं तर चोरी केल्यासारखं वाटतं, असं सगळे म्हणतात. दोन्ही खरं आहे.

माझी रीत अशी. माणूस फ्रेममध्ये लहान असेल, गर्दीचा भाग असेल तर विचारत नाही. चेहरा हाच विषय असेल तर विचारतो. आधी नाही जमलं तर काढल्यावर लगेच कॅमेरा खाली घेऊन त्याच्याकडे बघतो, हसतो, स्क्रीन दाखवतो. काढून पाठ फिरवायची नाही. फोटो काढल्याचा राग फार थोड्यांना येतो, पाठ फिरवल्याचा सगळ्यांना येतो.

विचारल्यावर माणसं पोझ देतात, खरं आहे. मग तो पोझचा फोटो काढा, स्क्रीनवर दाखवा आणि तिथेच उभे राहा. दोन मिनिटांत गिऱ्हाईक येतं आणि तुमचा विसर पडतो. खरा फोटो त्यानंतरचा.

अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क 1968 च्या सुमारास मुंबईत फॉकलंड रोडच्या वेश्यावस्तीत फोटो काढायचा प्रयत्न करत होती. तिथल्या बायका तिला शिव्या देऊन, अंगावर कचरा फेकून हाकलायच्या. ती दहा वर्षं अधूनमधून जात राहिली. 1978 मध्ये रोज जाऊन नुसती उभी राहायला लागली, तेव्हा हळूहळू एकेकीनं तिला आत बोलावलं. तुम्हाला दहा वर्षं लागणार नाहीत, पण तीन शुक्रवार तरी धरून चला.

मला कोंकणी येत नाही. मराठीत बोललं तर चालतं का?

चालतं. बाजारात निम्मी अधिक माणसं मराठी सहज बोलतात. तरी ‘फोटो काडूं?’ एवढं पाठ करा. मावशी, काका, बाब, आणि ख्रिस्ती आजीबाई असतील तर आंटी. उत्तर बहुतेक वेळा ‘म्हजो कित्याक?’ (माझा कशाला?) असं येतं. हा नकार नसतो, खरोखरचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर घरून तयार करून या. ‘तुम्ही केळी ज्या तऱ्हेनं लावलीत ती मला आवडली’ हे उत्तर ‘प्रोजेक्ट करतोय’ यापेक्षा कितीतरी चांगलं. ‘नाका’ (नको) म्हणाल्या तर मात्र ते नाकाच.

कोणी ‘डिलीट कर’ म्हणालं तर करावं का? कायद्यानं तर मला हक्क आहे ना?

कायद्याचं पुढच्या उत्तरात. मी डिलीट करतो, त्यांच्या डोळ्यांसमोर करतो. फोटो चांगला असेल तर दोन दिवस चुटपुट लागते.

गोव्याशी जवळचं नातं असलेल्या छायाचित्रकार दयानिता सिंग यांची गोष्ट मी इथे नेहमी सांगतो. 1989 मध्ये त्या दिल्लीत एका ब्रिटिश वर्तमानपत्रासाठी मोना अहमद या हिजड्याचे फोटो काढत होत्या. हे फोटो इंग्लंडमध्ये छापून येणार आणि तिथे आपले नातेवाईक आहेत, हे लक्षात आल्यावर मोनानं फिल्म परत मागितली. सिंग यांनी रोल काढून देऊन टाकला. ती असाइनमेंट बुडाली, पण मैत्री 2017 साली मोना वारेपर्यंत टिकली आणि त्यातून पुढे अख्खं पुस्तक उभं राहिलं. छायाचित्रणातला 2022 चा हॅसलब्लाड पुरस्कार सिंग यांना मिळाला. रोल दिला म्हणून पुरस्कार मिळाला असं मी म्हणत नाही. पण रोल दिला नसता तर ते पुस्तक झालं नसतं, एवढं नक्की.

कायदा नेमकं काय म्हणतो? सार्वजनिक जागी फोटो काढायला परवानगी लागते का?

सार्वजनिक जागी दिसणाऱ्या माणसांचा फोटो काढण्यावर आपल्याकडे सरसकट बंदी नाही. पण 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्यामुळे ‘रस्त्यावर आला म्हणजे सगळं माफ’ हा युक्तिवाद आता लंगडा आहे. खासगी कृती करत असलेल्या स्त्रीचे फोटो काढणं किंवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. जाहिरातीसाठी कोणाचा चेहरा वापरायचा असेल तर लेखी संमती घ्या, तिथे वाद नको.

इंटरनेटवर वाचून मुलं अमेरिकेतला खटला सांगतात. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फिलिप-लोर्का डिकोर्सिया यानं अनोळखी माणसांचे फोटो काढले, त्यातल्या एकानं दावा लावला आणि 2006 मध्ये निकाल फोटोग्राफरच्या बाजूनं लागला. बरोबर आहे. पण तो न्यूयॉर्कचा कायदा, म्हापशाच्या पोलिसाला दाखवून उपयोग नाही.

फोटोचा कॉपीराइट मात्र तुमचा. 1957 च्या कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे तो तुमच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. कोणी पैसे देऊन काढून घेतलेले फोटो असतील तर गोष्ट वेगळी.

किनाऱ्यावर काढले तर?

रांपण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना काढा, होड्या काढा, ओढणाऱ्यांना दोरीला हात लावू का विचारा. बहुतेक हो म्हणतात आणि दहा मिनिटांत तुमच्या तळव्याची सालपटं निघाली की हसतात. त्यानंतर फोटोला कोणी ना म्हणत नाही.

आंघोळ करणाऱ्या किंवा उन्हात पडलेल्या पर्यटकांचे नको. 2023 च्या जानेवारीत पर्यटन खात्यानं याबद्दल जाहीर सूचनाच काढली होती. सूचना नसती तरी नकोच. दाबोळीच्या बाजूला ड्रोन उडवायचं मनातही आणू नका, तो नौदलाचा तळ आहे.

मोठी टेलिलेन्स लावून लांबून काढले तर कोणालाच त्रास नाही, मग हरकत काय?

त्रास नाही, कारण त्यांना कळतच नाही. हरकत नेमकी तीच आहे. शिवाय फोटोही पाणीदार येत नाहीत. 200 मिलिमीटरनं काढलेल्या बाजारात बाजार नसतो, नुसतं एक डोकं आणि मागे रंगीत चिखल.

लपून काढण्यातला दुसरा टोकाचा माणूस म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स. 1938 ते 1941 दरम्यान त्यानं न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून समोरच्या प्रवाशांचे चेहरे टिपले. मग पुस्तक काढायला जवळजवळ पंचवीस वर्षं थांबला. लपवलेल्या कॅमेऱ्याची फार आवड असेल तर थांबण्याचीही तयारी ठेवा.

लहान मुलांचे फोटो काढावेत का?

आईबाप समोर असतील आणि हो म्हणाले तर. अडचणीत सापडलेल्या किंवा कुठल्या प्रकरणात गुंतलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली आणि पोक्सोच्या कलम 23 खाली गुन्हा ठरू शकतं. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांचे ‘भावस्पर्शी’ फोटो काढण्याची खाज असेल तर ती इथेच जिरवा.

फोंताइन्याशचे फोटो का काढत नाही?

कारण पणजीतल्या त्या जुन्या वस्तीत लोक राहतात. रोज सकाळी कोणीतरी तुमच्या पायरीवर प्री-वेडिंगचा घागरा पसरून बसलंय, तुम्हाला भाजी आणायला बाहेर पडायचंय, आणि फोटोग्राफर म्हणतोय ‘अंकल, एक मिनिट’. रहिवाशांनी पाट्या लावल्यात, दोष त्यांचा नाही.

शिरगावची जत्रा, चिखलकालो, नरकासुर (दिवाळीच्या आदल्या रात्रीचे पुतळे) वगैरेला काय काळजी घ्यायची?

प्रत्येकाचं वेगळं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकालो असतो. तिथे स्वच्छ कपड्यांतला फोटोग्राफर हा खेळाचाच भाग मानतात, तेव्हा कॅमेऱ्याला पावसाळी कव्हर घाला आणि स्वतः चिखलात उतरा. कडेला उभं राहून काढलेले फोटो दरवर्षी सारखेच येतात.

शिरगावला लईराईच्या जत्रेत धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) निखाऱ्यांवरून जातात ते पहाटे. त्यांनी आधी दिवसचे दिवस व्रत पाळलेलं असतं. त्यांच्या वाटेत यायचं नाही, त्यांना स्पर्श होईल असं उभं राहायचं नाही, डोळ्यांवर फ्लॅश नाही. आधी एका वर्षी कॅमेऱ्याशिवाय जाऊन या, हा माझा सल्ला कोणीच ऐकत नाही. मीही ऐकला नव्हता. पहिल्या वर्षी गर्दीच्या रेट्यात मी कॅमेरा डोक्यावर धरून आंधळेपणानं चारशे फोटो काढले, त्यातले चारशेही आंधळे आले.

पैसे मागितले तर द्यावेत का?

फोटोचे म्हणून मी देत नाही, कारण मग पुढच्या माणसाला भाव सांगितला जातो. विकत घेतो. या कारणानं आमच्या घरी चार कोयते, आठ मातीची भांडी आणि कोणाला वाजवता येत नाही असं एक घुमट आहे. पण समोरची व्यक्ती सजून, वेश करून त्यावरच पोट भरत असेल तर तिला पैसे द्यायचेच. तिचं ते काम आहे.

तुम्ही प्रिंट परत नेऊन द्यायला सांगता. व्हॉट्सॲपवर पाठवलं तर नाही का चालत?

पाठवा, पण त्यानं काम होत नाही. प्रिंट द्यायला परत जावं लागतं, सगळी मख्खी तिथे आहे.

मी पहिली प्रिंट दिली ती एका मासे विकणाऱ्या मावशींना. घरच्या इंकजेटवर मोठ्या हौसेनं काढलेली. त्यांनी ओल्या हातानं घेतली, आणि बघता बघता त्यांच्या अंगठ्याखाली त्यांचाच गाल विरघळला. निळी शाई टोपलीतल्या बांगडा माशांवर ठिबकली. त्या म्हणाल्या, ‘तुज्या फोटोपरस म्हजें नुस्तें घट.’ (तुझ्या फोटोपेक्षा माझी मासळी टिकाऊ.) तेव्हापासून लॅबची प्रिंट, चार बाय सहा, लॅमिनेट केलेली. पावसात चकचकीत कागद एकमेकांना चिकटतात, लॅमिनेट नको असेल तर निदान मॅट घ्या.

ती दुसरी प्रिंट अजून त्यांच्या पैशांच्या डब्यात तळाला असते. सुटे काढताना वर येते. माझ्या कुठल्याही फोटोचं याहून जास्त प्रदर्शन झालेलं नाही.

फोटोला बक्षीस मिळालं किंवा तो विकला गेला, तर फोटोतल्या माणसाचं काय?

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगनं 1936 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात निपोमो इथे एका स्थलांतरित मजूर बाईचा फोटो काढला. तो जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी एक. लँगनं तिचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं 1978 मध्ये, आणि त्या फोटोचा आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, अशी तिची तक्रार होती. लँगलाही त्याचे वेगळे पैसे मिळाले नव्हते, ती सरकारी नोकरीवर होती. स्टीव्ह मॅकरीनं 1984 मध्ये पेशावरजवळच्या छावणीत टिपलेल्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं नावही जगाला असंच उशिरा, 2002 मध्ये, कळलं.

म्हणून नाव विचारा, वहीत लिहा, गाव लिहा. छापायचं नसलं तरी लिहा. विकला गेला तर कायदा हिस्सा द्यायला सांगत नाही, मी देतो. किती, याचा नियम मला सापडलेला नाही. एकदा कॅलेंडरला गेलेल्या फोटोचे निम्मे पैसे घेऊन गेलो तर फोटोतल्या कुंभारदादांनी ते ठेवून घेतले आणि विचारलं, ‘बाकीचे निम्मे कोणाचे?’

पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळायचा? लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय.

ती बुरशी. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं होतं. माझी पहिली 50 मिलिमीटर लेन्स मी मृग लागताना तिच्या चामडी केसमध्ये घालून लाकडी कपाटात ठेवली आणि चतुर्थीला बाहेर काढली. आत पांढरे तंतू, एका कडेपासून मध्यापर्यंत पसरलेले. दुरुस्तीवाल्यानं काच पुसली, पण कोटिंग कायमचं खाल्लं गेलं होतं. आता त्या लेन्समधून दिवे फुलल्यासारखे दिसतात. नरकासुराच्या रात्री मी तीच वापरतो.

चामडं ओल धरून ठेवतं, ते पहिलं काढून टाका. ऐपत असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या, आत 40 ते 50 टक्के आर्द्रता ठेवा. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आंचेवर तापवून पुन्हा वापरता येतं (स्वयंपाकाच्या तव्यावर नको). तांदळात कॅमेरा पुरू नका, तांदळाचं पीठ आत जातं. एसी गाडीतून उतरल्यावर वीसेक मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. किनाऱ्यावरून आल्यावर किंचित ओल्या फडक्यानं पुसा, मीठ दिसत नाही पण असतं.

आणि वापरत राहा. पावसात बाहेर पडणारा कॅमेरा कपाटातल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त टिकतो.

ज्यांचा फोटो काढला ते वारले. आता तो टाकायचा की नाही?

घरच्यांना विचारून. आणि लगेच नको.

आमच्या वाड्यावर सायकलवर पाव घेऊन येणाऱ्या पदेराचे मी सहा वर्षं फोटो काढत होतो. त्यातला एक मला माझा सगळ्यात चांगला फोटो वाटतो. पहाटेचं धुकं, टोपलीवरचं निळं प्लास्टिक मागून उजळलेलं, आणि तो हॅण्डलवर रेलून भोंगा फडक्यानं पुसतोय. गेल्या पावसाळ्यात तो गेला. मुलाचा फोन आला, पप्पांचा एखादा फोटो आहे का. मी तीन पाठवले. त्यानं नेमका तिसरा निवडला, थोडा हललेला, ज्यात पप्पा डोळे बारीक करून सरळ कॅमेऱ्यात बघतायत. म्हणाला, सायकल काढून टाक आणि मागे निळा रंग कर, पासपोर्टसारखा.

सायकल काढली. हॅण्डलवरचा हात तसाच हवेत लोंबकळायला लागला, म्हणून खांद्यापासून कापला. महिन्याच्या मिसाच्या (चर्चमधल्या प्रार्थनेच्या) दिवशी गेलो तेव्हा तो फोटो हॉलमध्ये होता, समोर लाल बल्ब. भोंगावाला फोटो त्यांनी मागितलेला नाही, आणि मी अजून कुठे टाकलेला नाही.